चुका

अब्बांच्या तोंडात कायम चुका असायच्या,
बारीक, निळसर, वीस-पंचवीस एकदम.
जिभेनं एकेक ओठावर आणायची,
लोहचुंबकाच्या हातोडीला चिकटवायची, ठोकायची.
म्हणून ते कमी बोलायचे.

पापाच्या तिकटीजवळ, चपलांच्या कातड्याचा वास येणाऱ्या बोळात
रावबहादुरांच्या नातसुनेनं टेंपोतून बारा खुर्च्या धाडल्या,
वर एक जाड पुस्तक: विलायतेतले राजवाडे, आतून.
"पान एकशे चौदा. अस्साच लाल हवा.
खुर्च्या जहाजानं आल्यात तिकडून, जपून."

रात्री मी वाचून दाखवलं, मांडीवर शब्दकोश घेऊन.
हा आरसा नाही, अब्बा, दार आहे, राणी ह्यातून येते.
"चोरदार? स्वतःच्याच घरात?"
राजा गेला की पुढचा येऊन भिंतींचे रंग बदलतो.
"बदलणारच. आपलं पोट त्याच्यावर."
आणि एका राणीनं मेलेल्या नवऱ्याच्या खोलीत
रोज गरम पाणी ठेवायला लावलं,
चाळीस वर्षं.
अब्बांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ते मग ओतायला कोण गं जायचं?"
पुस्तकात ते नव्हतं.

मग एकशे चौदाव्या पानावर भिंग धरून बसले.
झुंबर नाही, सोन्याचा पियानो नाही,
एका खुर्चीच्या पायाशी बोट ठेवलं.
"ही बघ, वाकडी बसलीया.
तिथं पण कुणीतरी घाईत हुता."

बारावी खुर्ची उघडली तेव्हा पंखा बंद होता, कापूस उडू नये म्हणून.
लालखाली हिरवं रेशीम,
हिरव्याखाली पिवळं छीट,
घोड्याचे केस,
आणि तळाला गोणपाट, गुळाचं,
शाहूपुरीतल्या मुंग्यांना अजून आठवेल असं.
त्यावर शाईत चार ओळी. मोडी.

हेर्लेकर मास्तरांनी उन्हात धरून वाचलं:
बारा खुर्च्या भरल्या. सहांचे पैसे पोचले.
येणे बाकी दीड रुपया.
लाडू वल्द चांद पिंजारी.

मास्तर हसले, मी हसले.
अब्बा हसले नाहीत, तोंडात चुका होत्या.
गोणपाट झटकून होतं तिथंच ताणलं,
कानामागचं पेन काढून
चार ओळींखाली काहीतरी लिहिलं.
मला बघू दिलं नाही.
नातसुनेकडून आमचेही सहांचेच आले होते तोवर.

आता त्या बंगल्याचं हॉटेल झालंय.
खुर्च्या दोरीपलीकडे, पाटी: बसू नये.
वेटर सांगतो, विलायतेहून आल्यात.
मी मान हलवते,
चहाचे तीनशे ऐंशी देते,
आणि तो वळला की
दोरीखालून हात घालून शेवटच्या खुर्चीचा तळ चाचपते.

एक वाकडी आहे.
अब्बांची नाही, माझी.
तेरा वर्षांची होते, हातोडी पहिल्यांदा हातात आलेली.
उपटायला गेले, तर
तोंडातल्या सगळ्या चुका तळहातावर काढून
अब्बा म्हणाले,
राहू दे.