राखाडी

आचऱ्याच्या खाडीपलीकडून आली होती
प्रज्वला कुबल, वय नऊ.
नाकात कापूस, फ्रॉकवर सुकलेले तपकिरी ठिपके.
"मोजणी जराशी कमी आसा म्हणतत," आई म्हणाली,
"पन म्हणून येवढां रगत जायत?"

मी काच ओढली, रंग घातला, धुतली.
भिंगाखाली तांबड्या पेशींची नेहमीची दाटी
आणि त्यांच्या फटींतून प्लेटलेट्स,
केंद्रक नसलेल्या, आठ-दहा दिवसांच्या.
एरवी जांभळ्या कणांनी भरलेल्या.
हिच्या मोठ्या, फिक्या,
ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलासारख्या.

शिकताना बाकी सगळं विसरले,
एवढं राहिलं, की प्लेटलेटच्या अंगात खाड्या असतात.
बाहेरचा प्रवाह त्यांतून पार आत येतो.
आतच पिशव्या, तोंडं बांधलेल्या:
कुठे चुना, शिंपल्यात असतो त्याच जातीचा,
कुठे जाळ्याचा दोरा,
कुठे आतड्याने केलेलं नि हिने
वाटेत उचलून ठेवलेलं काहीतरी.
शीर फाटेपर्यंत गाठ सोडायची नाही.
फाटली, की अंगाला काटे फुटतात,
पिशव्या मध्यावर गोळा होतात,
खाडीच्या भिंतीला टेकतात, भिंतीत मिसळून जातात
आणि आतलं सगळं बाहेर.
त्या हाकेवर दुसरी येते, आपली गाठ सोडते.
मग तिसरी.

प्रज्वलाच्या रक्तात हाक जाते.
जमतातही त्या.
दोरा मात्र नाही.
तो हाडाच्या मज्जेतच सांडला,
पिशवी शिवली जात असताना,
मुलगी अजून कशालाही खरचटली नव्हती तेव्हा.

रंगच फिका पडला असेल म्हणून
मी माझं बोट टोचलं, दुसरी काच केली.
माझ्या भरलेल्या होत्या, काठोकाठ.
मला लाज वाटली, का ते सांगता येणार नाही.

कागदावर लिहिलं: कण दिसत नाहीत.
कोल्हापूरला दाखवा.
"एस्टी कितीक आसा?" आईने विचारलं,
पदराची गाठ दातांनी सोडली.
नोटेला तारलीचं खवल चिकटलेलं.
प्रज्वला ते सोडवत बसली,
नखाने नाही,
बोटाच्या मऊ भागाने, हळूहळू,
कुणी न शिकवता.