शेकहँड

तीन महिने झाले, मखमलाबादच्या गोठ्यात
तांबीला शेकहँड शिकवतोय.
खिशात बेदाणे, दर खेपेला एकच.
"दे पाय."
ती शेण टाकते.
"दे पाय."
ती माझी बाही चघळते,
बटणासकट.

प्रमिला ओट्यावरून म्हणते,
ओझरला विमानं दुरुस्त केलीत ना जन्मभर,
हिला कुठे स्क्रू असतो ते बघा.

काल खिसा रिकामा होता.
नुसताच टेकलो गव्हाणीला,
गुडघा चोळत, मुका.
तांबीने उजवा खूर उचलला,
धरला तसाच अधांतरी, थरथरता,
बेताने ठेवला माझ्या चपलेवर.
मग हळूहळू
सगळं वजन.

रात्री सुजल्या अंगठ्यावर हळद थापताना
प्रमिला म्हणाली,
ते राहू दे,
तिला बेदाणा दिलात का?