कलम सात-चार-दोन

सिव्हिल लाइन्समधल्या त्या हॉलमध्ये
कूलर आणि आम्ही अकरा जण
एकाच सुरात घरघरत होतो.
मसुदा सहावा :
आस्थापनांची दूरसंचार जाळी, किमान आवश्यकता.
सकाळपासून गाडी एका क्रियापदाशी अडलेली,
'असावे' की 'असलेच पाहिजे'.

लांजेवार म्हणाले, असावे म्हटलं का कोणी करत नाही,
तीस वर्षं पाहून राहिलो मी.
कंपन्यांचा प्रतिनिधी म्हणाला,
असलेच पाहिजे, तर खर्च कोणाच्या खिशातून?
मी दोन्ही लिहून घेतलं,
मध्ये एक तिरपी रेघ.

प्रस्तावनेत कोणी तरी शून्य मैलाचा दगड आणून ठेवला होता,
देशाचं मध्य, अंतरांचं मूळ वगैरे.
प्रज्ञा रंगारींनी विचारलं, याची चाचणी कशी घ्यायची?
दगड उचलला.

मग कलम सात. भूसंपर्कन.
शब्दाला सगळे हसले. बरं, अर्थिंग.
रोध पाच ओहमपेक्षा अधिक नसावा.
इथे दुमत नव्हतं. पान उलटणार
तेवढ्यात रंगारींनी पिशवीतून एक वही काढली.

बुटीबोरीच्या सूतगिरणीतली,
एक्स्चेंजच्या खोलीत बॅटऱ्यांमागे सापडलेली.
गुलाब उईके, हेल्पर.
दर सोमवारी एक ओळ,
मीटर इलेक्ट्रिकलवाल्यांकडून उसना.
रकाने तीन : तारीख, पाणी, अर्थ.

१२ जानेवारी. पाणी नाही. अर्थ ३.१
६ एप्रिल. एक बादली. अर्थ ४.४
१८ मे. तीन बादल्या. अर्थ ४.८

'इंग'पुरती जागा रकान्यात उरली नसावी.

आमच्याकडची काळी माती मे महिन्यात हात सोडते.
भेगेत आधी बोट जातं, मग मनगट.
खड्ड्यातलं मीठ सुकतं, कोळसा सुकतो,
तांब्याची पट्टी नुसती पुरलेली राहते,
कशालाही न धरता.
त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं.
त्याने काटा पाहिला, माती पाहिली,
नळाखाली बादली लावली.

तो निवृत्त झाला, तिथून पुढे पानं कोरी.
दुसऱ्या उन्हाळ्यात, थेंब न आणता
नुसतीच वीज आली.
दोनशे चाळीस लाइनी.
आग विझवायला बाहेर फोन करायचा होता,
तो याच यंत्रातून जात होता.
चौकशीचा अहवाल दीड पानाचा :
अर्थिंग मानकानुसार. रोध २.२. तपासणी सप्टेंबरमधली.

मग सप्टेंबरात मोजलं तर चुकलं कुठे, प्रतिनिधीने विचारलं.
कुठेच नाही, रंगारी म्हणाल्या.
सप्टेंबरात तर दगडही ओला असते बे, लांजेवार म्हणाले.
हे इतिवृत्तात घेतलं नाही.

कूलरमधलं पाणी संपून परत भरेपर्यंत
आम्ही ते एक वाक्य घासत होतो :
'रोधाचे मापन वर्षातील सर्वांत कोरड्या महिन्यात,
खड्ड्यात पाणी न घालता, केलेच पाहिजे.'

पाणी न घालता, इथे माझं पेन थांबलं.
म्हणजे उईकेने जे केलं, तेच नको म्हणायचं?
हो, रंगारी म्हणाल्या. कोणाच्याही बादलीवर
खड्डा जगता कामा नये.
वही त्यांनी परत पिशवीत ठेवली.
मानकात नावं घेत नाहीत.
क्रमांक पडला, सात-चार-दोन.
तिरपी रेघ लागली नाही.

सहाला उतरलो. जिन्यामागे, भिंतीला लागून,
आमच्याच इमारतीचा अर्थिंगचा खड्डा,
झाकण फुटलेलं,
आणि वरच्या कूलरची नळी
दिवसभर थेंब थेंब त्यातच गळत होती.
भोवतीची माती काळी, मऊ, तुळशीच्या आळ्यासारखी.

लांजेवारांनी वाकून बघितलं.
मीटर कोणाकडेच नव्हता.

वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं :
उद्या कूलर बंद करून मोजणे.
मग 'मोजणे' खोडून 'मोजलेच पाहिजे'.