साडेबारा टक्के

दर महिन्याच्या चार तारखेला
बेलापूरला, सहाव्या मजल्यावर,
मी देशाचा किनारा एका वर्तुळात बसवते.
मुंद्र्याला निळा रंग, न्हावा-शेव्याला केशरी,
चेन्नईला हिरवा;
कोलकात्याची फाक इतकी बारीक
की नाव बाहेर लिहून बाण काढावा लागतो.
बेरीज शंभर. नेहमी शंभरच.

"आपला केशरी का घसरला?" साहेब विचारतात.
एक सेवा वळवली, सर.
वळवली.
जणू जहाजाला रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं
आणि ते बोलत बोलत त्याच्या गल्लीत शिरलं.

शनिवारी द्रोणागिरीला गेले.
ताराबाई मामीची टपरी यार्डाच्या भिंतीला टेकलेली,
चहा, अंडापाव, मिळाला तर बांगडा.
तिच्याकडे छत्तीस काचेचे ग्लास आहेत
आणि ते दिवसातून किती वेळा विसळले
ते तिच्या बोटांना पाठ असतं.
"या हप्त्यान हात कोरडंच रायलं गो," म्हणाली,
"जाज आयलंच नाय ना?"
माझा अहवाल अजून छापायचा होता.

बाकड्यावर रामसूरत, तीन दिवस भाड्याविना,
ट्रेलरच्या सावलीत चपला काढून.
मालक फोनवर सांगतोय, मुंद्र्याला जा.
"उधर खाता किसके पास है मेरा?"
तो मामीच्या वहीकडे बघून विचारतो.

भिंतीपलीकडे डब्यांवर डबे,
लाल, निळे, गंजके, बहुतेक रिकामे.
तिथे मामाचं मिठागर होतं.
जमीन गेली तेव्हा ठरलं होतं,
साडेबारा टक्के परत मिळतील.
टक्का हा शब्द मी शाळेच्या आधी शिकले,
मामाच्या तोंडून,
पिशवीत गुंडाळलेल्या फाईलवरून.
मामा गेला. फाईल आहे.
कुठल्याच वर्तुळात
ती फाक मला अजून काढता आलेली नाही.
कुठला रंग द्यावा, तेही कळत नाही.

"मंग जेलं कुठं ता जाज?"
मुंद्र्याला, मामी.
तिने ग्लास बादलीत बुडवला,
एकदाच, सवयीने दोनदा.
"आसूंदे. तिकरं पन कोन तरी
गिलास इसलत आसल."

चहाचे पैसे मात्र तिने घेतले.
सुटे नव्हते,
म्हणून दोन रुपये माझ्या नावावर लिहिले,
रामसूरतच्या खाली.