बेत

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून
सतरा चिठ्ठ्या केल्या
आणि खळीनं चिकटवल्या भिंतीवर,
फ्रीजपासून खिडकीपर्यंत.
जाऊबाई म्हणाली, गोष्ट लिहितीस का भिंत सारवतीस?

पाऊण मीटरात ब्लाऊज बेतणारी बाई मी.
बेतल्याशिवाय कात्री लावत नाही.

पहिली चिठ्ठी : मालन. पापाच्या तिकटीला
दस्तगीरच्या दुकानात, शिलाई मशिनींच्या दुरुस्तीला.
चौथी : आजऱ्याहून भावाचा फोन.
सातवी : पाच वाजता दस्तगीर नमाजाला जातो,
गल्ल्याची किल्ली तिच्या हातात देऊन.
आठवी : गल्ल्यात अकराशे.
(आधी पाच हजार लिहिले होते. खोडले.
बॉबिन-केस बदलून कुठले आलेत पाच हजार?)
नववी : मालन सव्वापाचची आजरा गाडी पकडते.
दहा ते सोळा सगळं आजऱ्यात.
सतरावी शेवटाची.
ती तर सगळ्यात आधी लिहून झाली होती.

मग एका मंगळवारी, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून,
मालनच्या वाटेनं चालून बघितलं.
तिकटी, महापालिका,
सीपीआरच्या भिंतीच्या कडेकडेनं दसरा चौक,
व्हीनस कॉर्नरला सिग्नल, पुढं स्टँड.
चाळीस मिनिटं.
माझा गुडघा वजा केला तरी तीस.

रिक्षा?
तिकटीवरचे सगळे रिक्षावाले तिला नावानं ओळखतात,
आणि पदरात अकराशे चोरीचे.

म्हणजे गाडी गेली.
पुढची सव्वासहाला.

फलाटासमोरच्या बाकावर बसले मी, तिच्या जागी.
शेजारी एक म्हातारा शेंगा सोलत होता,
टरफलं परत पिशवीतच टाकत होता.
पाऊण तास.
एवढ्यात दस्तगीर नमाजाहून आला असेल.
चहाला गेली असेल, म्हणाला असेल,
तिच्या मशिनीवर झाकण घातलं असेल.
हे मला कुठल्याच चिठ्ठीत सुचलं नव्हतं
आणि बाकावर नुसतं बसल्यावर
झाकणाचा आवाजसुद्धा ऐकू आला.

घरी येऊन भिंत बघितली.
चिठ्ठीला चिठ्ठी कशी भिडलेली, अगदी काठाला काठ.
शिवणीत बोटभर माया सोडायची असते,
उद्या अंग भरलं तर उसवून वाढवायला.
तीस वर्षं पोरींना हेच शिकवलं
आणि इथं मालनला
श्वास घ्यायला दोरा एवढी जागा ठेवली नाही.

दहावीपासून सोळावीपर्यंत काढल्या.
खळ सुटताना रंगाचे पोपडे आले.
सतरावी काढवेना. ती राहू दे,
खरी होईल की नाही ते मालनलाच ठाऊक.
नववीनंतर एक कोरी लावली,
पाठीमागं कुणाच्या तरी हळदीची तारीख असलेली.

रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसते, खडू घेऊन.
कात्री अजून ड्रॉवरमध्येच.
जाऊबाई विचारते, भिंत कधी मोकळी व्हायची?
म्हटलं, गाडी तर येऊ दे.