आठव्या लेनची पंच

बॅकस्ट्रोकवाल्या आधीच पाण्यात उतरतात.
दोन्ही हातांनी दांडी धरून
भिंतीशी पाय रोवून बसतात, बेडकासारख्या.
स्टँडला दिसते नुसती पाठ.
चेहरा दिसतो तो आम्हाला,
पांढऱ्या शर्ट-पँटमधल्या,
एकेका लेनमागे उभ्या केलेल्या आठ जणांना.

माझ्या वाट्याला आठवी.
केर्तू राउद्सेप, एस्टोनिया, वय एकोणीस.
ओठ निळसर. डाव्या भुवईत टाक्याची जुनी खूण.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे माझ्या बुटांकडे,
मग तो भोंगा,
आणि आठ धनुष्यं एकदम मागे उलटली.

मार्गारेट बेट, उघडा तलाव, दोनशे मीटर.
बंद तलावात छत तरी असतं.
तुळया असतात, दिव्यांची रांग असते,
सरळ जायला गळतीचा एखादा डागही पुरतो.
इथं वर नुसतं आभाळ
आणि आपल्या मर्जीनं सरकणारे ढग.
ढगावर नजर ठेवलीस, पोरी, की गेलीस दोरीला.
गेलीच.
कोपर लाल मण्यांवरून खडखडत गेलं,
कुणाला ऐकू आलं नसेल. मला आलं.

एरवी मी सोल्नोकला औषधांच्या दुकानात असते.
गोळ्या पाच-पाच सरकवत मोजायची सवय,
पोहणाऱ्यांचे हातही मी तसेच मोजते, नको असताना.
भिंतीअलीकडे पाच मीटरवर निशाणांची माळ.
तिच्याखालून गेलं की तीन हात,
चौथ्याला पालथं व्हायचं,
त्याच ओघात कोलांटी, पाय भिंतीला.
पालथं झाल्यावर रेंगाळायचं नाही.
नियम म्हणाल तर एवढाच.

शंभरावर ती तिसऱ्याच हाताला पालथी झाली.
भिंत अजून लांब होती.
हात मांडीला येऊन टेकला,
आणि ती तशीच वाहत आली,
पुरात फळकूट येतं तशी,
एक लाथ,
आणखी एक.
मग कोलांटी.

संशय असेल तर फायदा पोहणारीचा,
असं आम्हाला शिकवलंय.
मी संशय शोधला. खरंच शोधला.
चष्म्यावर थेंब होता का? नव्हता.
उन्हाची तिरीप? ऊन कधीच चिनारांमागे गेलेलं.
माझा हात वर गेला,
इतका हलका, की वाटलं कुणीतरी उचलून धरलाय.
कागदावर लिहिलं: लेन आठ, शंभर मीटर.
पेन नीट उमटत नव्हतं म्हणून
आठाचा आकडा दोनदा गिरवला.

आणि तिला काय ठाऊक!
शेवटची पन्नास तिनं अशी कापली
की आमचे लोक, चौथ्या लेनमध्ये आपली पोरगी असताना,
उठून आठवीकडे बघायला लागले.
पाठीवर पडून इतकी घाई कोण करतं?
निशाणं. एक, दोन, तीन, चार, पाच,
आणि बोटं माझ्या पायांखालच्या पाटीवर आपटली.
पाचवी. तिच्या देशाचा विक्रम.
मान वळवून तिनं फलक पाहिला,
तोंडात पाणी आणि हसू एकदमच.

सव्वा मिनिट टिकलं ते.
मग आकडे गेले, तीन अक्षरं आली.

शिडी माझ्याच बाजूला. आठवी लेन कडेचीच ना.
वर आली, थांबली,
तिच्या आणि माझ्या, दोघींच्याही मोडक्या इंग्रजीत
विचारलं, किती?
मला आधी कळेना, किती काय.
मग म्हटलं, दोन लाथा.
तिनं मान डोलावली,
जसं एखादं गिऱ्हाईक हट्टानं
गोळ्या पुन्हा मोजून घेतं
आणि भरल्या बरोबर, की उलट खट्टू होतं.

टॉवेल तिथंच विसरून गेली.
पुढच्या शर्यतीची मुलं टोप्या चढवत होती.
मी चष्मा काढून पुसला.
स्वच्छच होता.