राखेची पुरचुंडी

घाटीगावच्या रानात पहिलं वर्षभर
हरलाल सहरियाने मला बंदूक दिलीच नाही.
दिली ती चुलीतल्या राखेची पुरचुंडी.
चिमूट सोडायची, कुठे जाते ते बघायचं.

लश्करच्या सरदारांचा पोरगा मी,
टाच न टेकता चालायला शिकलो,
खोकला गिळायला.
खुराची कड ढासळली तर माग कालचा,
धारदार असली तर बोलू नकोस.

दुसऱ्या हिवाळ्यात बार काढला.
सांबर पडलं नाही.

हरलालने बिडी विझवली,
कंदील माझ्या हातात दिला.
रात्रभर पानापानावर थेंब शोधत गेलो:
काळपट, हिरवट (म्हणजे पोटात लागली),
मग थेंबही नाहीत, नुसतं दबलेलं गवत.
पहाटे नाल्यात सापडलं.
मान उचलून बघत होतं.
"हं," तो म्हणाला, "आता नेम शिक."

शिकलो. पुढे एकदाही माग काढावा लागला नाही.

शिकारबंदीनंतर बंदूक ठाण्यात जमा केली.
मोतीबिंदू पिकलाय, सून हात धरून जिना उतरवते.
तरी उदबत्तीची राख
चिमटीत घेऊन खिडकीशी सोडतो.

ती माझ्याच अंगावर येते.
म्हणजे समोर जे कोणी उभं असेल
त्याला अजून माझा वास लागलेला नाही.